शोरूमची नोकरी आणि आपली नजर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तू चोपडा तालुक्यातल्या एका गावची, वय २२. चार महिन्यांपासून जळगावात रेडिमेड कपड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये फ्लोअरवर आहेस. तिथे पंचवीस-तीस जण काम करतात. रोज सकाळी ग्रूमिंग चेक होतो. तुला केस सरळ करून घ्यायला सांगितले, मनगटावरचं गोंदण झाकायला सांगितलं, बॅजवर पूर्ण नावाऐवजी दोन अक्षरांचं छोटं नाव छापलं आणि एका गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोललीस म्हणून सुपरवायझरने सगळ्यांसमोर टोकलं. मागच्या सुट्टीत घरी गेलीस तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, "तू आता आमच्यातली वाटतच नाहीस." काम आवडतं, पगार वेळेवर होतो, पण रात्री झोप लागत नाही, आणि म्हणून विचारतेस, "ताई, नोकरी सोडू का?"

ताई म्हणालीस म्हणून तुला तू म्हणते. या धंद्यात मला २१ वर्षं झाली. सुरुवात फुले मार्केटमधल्या साडीच्या दुकानात, गिऱ्हाईक गेल्यावर गादीवर पसरलेल्या साड्यांच्या घड्या घालण्यापासून. मग पुण्यात सात वर्षं ब्रँडेड शोरूम, मग परत जळगाव. आता जळगाव, धुळे, नंदुरबार इथल्या दुकानांत नव्याने लागलेल्या मुलामुलींना फ्लोअरचं काम शिकवते. तू लिहिलेल्या चारही गोष्टी माझ्याबाबत घडल्या आहेत.

एक आधीच सांगते. यातलं बरंचसं तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे. घरी किती जण तुझ्या पगारावर आहेत, दुसरी नोकरी किती दिवसांत मिळेल, सुपरवायझर ऐकून घेणारी आहे की नाही, हे मला इथून दिसत नाही. घरात आजारपण असलेल्या मुलीला मी "ठणकावून नाही म्हण" असं कधीच सांगत नाही. पण कुठे नमतं घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवायची एक रीत मला सापडली आहे, ती सांगते.

आधी दुकानाची बाजू समजून घे. साडीच्या दुकानात माल गादीवर असतो आणि विश्वास शेठवर. तिथला सेल्समन साध्या पँट-शर्टात बसतो. बाई म्हणाली "पदर दाखवा", की तो स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवतो आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. त्याचा चेहरा कोणी बघतच नाही. ब्रँडेड शोरूममध्ये उलटं आहे. तिथे गिऱ्हाईक कपड्यासोबत एक चित्र विकत घेतं, की हे घातल्यावर मी अशी दिसेन. ते चित्र काचेतल्या डमीवर असतं आणि तुझ्या अंगावरही असतं. म्हणून केस, नखं, बूट, सगळं तपासतात. यात तुझा अपमान करायचा हेतू बहुतेक वेळा नसतो. नाटकात काम करणाऱ्याला पोशाख देतात तसं ते आहे, आणि पोशाख घालायला माझी कधीच हरकत नव्हती.

हरकत कुठे घ्यायची यासाठी मी एकच कसोटी लावते. संध्याकाळी घरी गेल्यावर जे उतरवता येतं ते दुकानाला दिवसभर वापरू द्यावं. जे उतरवता येत नाही ते देऊ नये.

केस इस्त्रीने सरळ केले तर धुतल्यावर परत आपले होतात, ते चालेल. पण पार्लरमध्ये केमिकल लावून कायमचे सरळ करायला सांगत असतील, तर एक साधा प्रश्न विचार: खर्च कोण करणार? "नीट बांधून आले तर चालेल का?" हेही विचार. दहातल्या सात-आठ ठिकाणी चालतं, सुपरवायझरला फक्त ग्रूमिंगच्या कागदावर टिक हवी असते. गोंदणासाठी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट मागून घे. आजीने सारंगखेड्याच्या जत्रेत काढून घ्यायला लावलेलं गोंदण, असं तू लिहिलंस. ते आठ-नऊ तास बाहीखाली राहिलं तर पुसलं जात नाही. लेझरने काढून टाक असा सल्ला कोणी दिला तर मात्र तिथे थांब.

आणि रंग उजळण्याची क्रीम. हे तू लिहिलं नाहीस, पण ब्रेक रूममध्ये कोणीतरी तुला ट्यूब दाखवली असेलच. लावू नकोस. त्यांतल्या पुष्कळ क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. पहिले दोन आठवडे चेहरा चमकतो, मग कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, उन्हात चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणारं आपलं जळगाव, तिथे त्या कातडीचं काय होत असेल! माझ्यासोबतच्या एका मुलीचे गाल दोन वर्षं बरे झाले नव्हते. तिला कोणी थेट सांगितलं नव्हतं. फक्त एवढंच घडत होतं, की उजळ मुली पुढे एंट्रन्सला आणि सावळ्या मुली मागे स्टॉकमध्ये. मीही आठ महिने मागेच होते. बारकोड लावायचे, कार्टन फोडायची, हँगरवर माल चढवायचा. कारण विचारलं तर "तुझं स्टॉकचं काम चांगलं आहे" हे उत्तर.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नकोस. अमेरिकेत ॲबरक्रॉम्बी अँड फिच नावाची तरुणांच्या कपड्यांची मोठी कंपनी आहे. त्यांच्या दुकानात काम करणाऱ्यांनी कसं दिसावं याचे लेखी नियमच होते. गोरे नसलेल्या मुलामुलींना पुढे न ठेवता मागे स्टॉकरूममध्ये ढकलतात, या तक्रारीवर तिथे खटला झाला आणि २००४ मध्ये कंपनीने सुमारे चार कोटी डॉलर द्यायचं मान्य करून तो मिटवला. पुढे डोक्यावर स्कार्फ बांधणाऱ्या एका मुस्लिम मुलीला त्याच नियमांपायी नोकरी नाकारली. ती बाब थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१५ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने लागला. हे वाचलं तेव्हा मला स्टॉकरूममधले ते आठ महिने आठवले आणि पहिल्यांदा वाटलं, की दोष माझ्या चेहऱ्यात नव्हता. तुला हे आजच कळावं, आठ महिन्यांनी नको.

पैशाचं एक छोटं पण महत्त्वाचं. स्टाफ डिस्काउंट जपून वापर. चाळीस टक्के कमी म्हणून दर महिन्याला दोन टॉप घेतले, की पगारातला एक तुकडा त्याच काउंटरवर परत जातो आणि घरी कपाट असं भरतं की गावातले जुने ड्रेस घालवत नाहीत. मी पहिल्या वर्षात हेच केलं. युनिफॉर्म दुकानाने द्यायला हवा. त्यापलीकडे घ्यायचं ते वर्षातून दोनदा, सेलमध्ये, यादी करून.

आता नाव. पुण्यात माझ्याही बॅजवर छोटं नाव होतं. गिऱ्हाइकाला उच्चारायला सोपं, असं कारण दिलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. मग एकदा वडिलांनी एसटीडीवरून दुकानात फोन केला. त्यांनी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने उत्तर दिलं, "या नावाचं इथे कोणी नाही." वडील घाबरून रात्रीच्या गाडीने पुण्याला आले. सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभे होते. तेव्हापासून मी जिथे जाते तिथे पहिल्याच दिवशी सांगते, की बॅजवर पूर्ण नाव हवं. बहुतेक ठिकाणी कोणी अडवलं नाही. नवा बॅज छापायला फार खर्च येत नाही. तूही माग. नाही मिळाला तर निदान सोबतच्या मुलींना तुझ्या खऱ्या नावाने हाक मारायला सांग आणि तूही त्यांना तशीच मार.

अहिराणीबद्दल सुपरवायझर अर्धी बरोबर आहे. फ्लोअरवर दोन स्टाफ आपसात अहिराणीत बोलले आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला ती येत नसेल, तर त्याला वाटतं आपल्याबद्दलच बोलताहेत. तो नियम मी स्वतः शिकवते. पण गिऱ्हाईकच अहिराणीत बोलत असेल तर त्याला शुद्ध मराठीत किंवा तुटक्या इंग्रजीत उत्तर देणं हा धंद्याच्या दृष्टीनेही तोटा आहे. अमळनेर, पारोळा, शिरपूरहून लग्नाच्या खरेदीला आलेलं कुटुंब दारात बिचकतं. आत येऊ की नको, भाव विचारू की नको. अशा वेळी "या, बठा. काय लेवानं शे, मावशी?" एवढं ऐकलं की खांदे खाली येतात. मग ते लोक बसतात, पाणी पितात आणि फक्त नवरदेवाचं जॅकेट घ्यायला आलेली माणसं भावाचं, मेहुण्याचंही घेऊन जातात. तू वाद घालू नकोस. पंधरा दिवस वहीत लिहून ठेव, कोणत्या बिलांवर तू अहिराणीत बोललीस आणि किती नग गेले. ती वही सुपरवायझरला एकटीला गाठून दाखव. टार्गेटच्या भाषेत सांगितलेलं तिला लवकर पटेल, कारण तिच्याही डोक्यावर टार्गेट आहे. नंदुरबारमध्ये एका मुलाने भिलोरी आणि पावरी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी असंच करून दाखवलं. आता तिथे तसं गिऱ्हाईक आलं की मॅनेजर स्वतः त्याला हाक मारतो.

इथपर्यंत केस, कातडी, कपडे, नाव आणि भाषा झाली. पण तुझी झोप यांच्यामुळे गेली आहे असं मला वाटत नाही. तुझी झोप बहिणीच्या वाक्याने गेली आहे. त्याबद्दल बोलायला मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी फार लोकांना सांगितलेली नाही.

पुण्याहून परत आल्यावर मी जळगावात एका शोरूमची फ्लोअर इन्चार्ज होते. एके दुपारी काचेच्या दारापाशी एक बाई थांबली. दार ढकलायचं की ओढायचं हे तिला कळत नव्हतं. मी पंधरा फुटांवरून पाहिलं. पायात धुळीने भरलेल्या चपला, हातात नायलॉनची पिशवी, डोक्यावर पदर. मनात आलं, ही काही घेणार नाही, नुसता वेळ जाईल. आणि त्याच्या पुढच्या क्षणी मी तिला ओळखलं. ती माझी सख्खी मावशी होती. दवाखान्यासाठी गावाहून आली होती आणि मला भेटायला वाट वाकडी करून आली होती.

त्या दिवशी एरिया मॅनेजर व्हिजिटवर होते. मी पुढे गेले आणि म्हणाले, "वेलकम मॅम."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घेतलं नाही. आयुष्यभर अहिराणीशिवाय दुसरं न बोललेली माझी मावशी शाळेतल्या पुस्तकासारख्या मराठीत म्हणाली, "दुपट्टा दाखवा मॅडम." मी दाखवला. तिने रुमालाची गाठ सोडून ३४९ रुपये मोजले, तिला मुळीच नको असलेला दुपट्टा घेतला आणि म्हणाली, "थँक्यू मॅडम." जाताना हातातली पिशवी दारावरच्या सिक्युरिटीकडे दिली. "त्या मॅडमना द्या." आत भरिताची वांगी होती, देठासकट, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

तिला मला अडचणीत आणायचं नव्हतं, म्हणून ती अनोळखी झाली. आणि मला असं वागायला कोणीच सांगितलं नव्हतं. एरिया मॅनेजर त्या वेळी बिलिंगवर होते, त्यांचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. "मावशी, ये" म्हटलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. तिला ओळखायच्या आधीच्या त्या एका क्षणात मी माणसाला चपलांवरून मोजलं होतं, ते मला जास्त लागलं. केस मी रोज संध्याकाळी सोडत होते, लिपस्टिक पुसत होते. ही नजर उतरवायची राहून गेली होती. ती माझ्यासोबत घरी येत होती, जेवायला बसत होती, भावाच्या बायकोची साडी मोजत होती.

म्हणून तुला विचारते, आणि रागावू नकोस. बहीण ते वाक्य बोलली त्याच्या आधी तू तिच्या ड्रेसवर काही बोललीस का? "हा रंग तुला जात नाही," "हे असं कोणी घालतं का आता?" असं काही? आम्हा फ्लोअरवाल्यांच्या तोंडून हे नकळत जातं. दिवसभर तेच काम असतं. आपल्याला वाटतं आपण मदत करतोय. समोरच्याला मात्र वाटतं आपल्याला नापास केलं. असं झालं असेल तर बहिणीला फोन कर आणि सरळ चुकलं म्हण. केस कुरळे ठेवून जितकं साधणार नाही तितकं त्या फोनने साधेल.

ही नजर दुकानात कशी शिरते हेही पाहून ठेव. गिऱ्हाईक बाहेर पडलं की मागे स्टाफमध्ये नावं पडतात: टाइमपास, विंडो, उचकपाचक. त्या हसण्यात सामील होऊ नकोस. भाषण द्यायची गरज नाही, त्या वेळी घड्या घाल. दुसरं, ज्याच्याकडे कोणी जात नाही त्या गिऱ्हाइकाकडे आधी तू जा. रोज एकाकडे तरी. मी मावशीच्या प्रसंगानंतर हे सुरू केलं आणि अजून करते. त्यातले निम्मे काही घेत नाहीत. तरी जाते.

आणि ट्रायल रूमबाहेर खरं बोल. तिथेच आपण स्वतःशी प्रामाणिक राहतो की नाही ते रोज दहा वेळा ठरतं. बाई बाहेर येते, विचारते "कसं दिसतंय?" आणि तुला दिसतंय की बगलेत ओढतंय. वरून सांगितलेलं असतं, "परफेक्ट मॅम" म्हणा आणि त्यावर एक स्टोल जोडा. मी मुलींना शिकवते, की कापडाबद्दल खरं बोला, अंगाबद्दल काही बोलू नका. "हा कट बगलेत ओढतोय, एक साइज वरचा बघू" असं म्हणावं. "तुम्हाला घट्ट होतंय" म्हणू नये. प्रत्येक ब्रँडचा मीडियम वेगळा असतो, हे बाईला माहीत नसतं. ती स्वतःलाच दोष देत आरशासमोर उभी असते. तिला तो आकडा कंपनीचा आहे हे सांगितलंस तर ती तुला विसरणार नाही. सुपरवायझर म्हणेल विक्री गेली. दोन-तीन महिने थांब. खोटं सांगून विकलेले कपडे एक्स्चेंजला परत येतात, आणि खरं सांगितलेली गिऱ्हाइकं दारातून आत येताना तुझं नाव घेऊन विचारतात. म्हणूनही बॅजवर पूर्ण नाव हवं.

आता सोडायचं की नाही. कातडीवर काही लावायची सक्ती झाली, तुझ्या रंगावरून किंवा जातीवरून कोणी बोललं, पगारातून न सांगता पैसे कापले, किंवा कोणी अंगाशी आलं, तर दुसरी नोकरी शोधायला लाग, आणि शेवटच्या बाबतीत लेखी तक्रार करून मगच बाहेर पड. तसं काही नसेल तर मी म्हणेन वर्षभर थांब. तेवढ्यात स्टॉक, बिलिंग, डिस्प्ले, साइज सेट लावणं हे सगळं शिकून घे. ही विद्या तुझी, ती कुठेही चालते. उद्या चोपड्यात स्वतःचं छोटं दुकान टाकलंस तरी चालेल.

राहिली शेवटची ओळ, जी तू जाता जाता लिहिलीस: श्रावणात कानबाईला, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, गावी जाता येईल का कळत नाही. ते मात्र पक्कं कर. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि शोरूमला रविवार सगळ्यात गर्दीचा, त्यामुळे ऐन वेळी मागितलीस तर सुट्टी मिळणार नाही. पुण्या-सुरतेहून लोक रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, घरी येतात आणि तू जळगावातून जाणार नाहीस, असं करू नकोस. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. शिवाय आठ किरकोळ रजा. तुझ्या शोरूमएवढ्या दुकानाला हा कायदा लागू आहे. यंदाच्या चार सुट्ट्या ठरून गेल्या असतील, तेव्हा किरकोळ रजा माग, रविवार आणि सोमवार, विसर्जनासकट. कॅलेंडर बघून तारीख काढ, अर्ज कागदावर लिही, एक प्रत स्वतःकडे ठेव आणि रोस्टर लागायच्या महिनाभर आधी दे. सोबतच्या कोणाशी तरी आधीच बदली ठरवून तिचं नाव अर्जातच घाल, म्हणजे मॅनेजरला नाही म्हणायला कारण उरत नाही. आणि डिसेंबरमध्ये पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची चर्चा निघेल तेव्हा आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई ही दोन नावं तुझ्या तोंडून पहिली येऊ देत. तुझ्या त्या पंचवीस-तीस जणांत अर्धे तरी आपल्याच भागातले असतील. कोणीतरी म्हणायची ते वाट बघत असतील.